अनुभवासाठी एक दावा

माझ्या बायकोला नोकरी लागावी म्हणून मी समोरच्या दारात राहणाऱ्या माझ्या जिवलग मित्रावर कोर्टात दावा लावला. वाक्य परत वाचू नका, बरोबर आहे ते. लोक बायकोच्या नोकरीसाठी ओळखी काढतात, वशिले लावतात, कुणाच्या तरी मेहुण्याला चहाला बोलावतात. मी ते सगळं करून दमलो होतो. शिवाय दावा लावण्यात एक गंमत होती, आणि गंमत दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. डॉक्टरला दाखवलेलं नाही, पण हा काहीतरी आजार असावा.

बायको पंचेचाळिशी उलटल्यावर वकील झाली. पोरगा शिकायला बाहेरगावी गेला, घरातला गोंधळ थांबला आणि हिने संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. मी दिवसभर लोकांना गाडी शिकवून घरी यायचो, तेव्हा ही पिशवीत पुस्तकं कोंबून बाहेर पडत असायची. पास झाली. वकिलीची सनद मिळाली. काळा कोट शिवायला टाकला, तर शिंप्याने माप घेताना विचारलं, "साहेब नाही आले मापाला?" तिथून जी सुरुवात झाली ती झालीच.

पहिल्यांदा ती गेली शहरातल्या सगळ्यात मोठ्या वकिलाकडे. त्यांना सगळे 'मोठे साहेब' म्हणायचे. उंचीने ते माझ्या खांद्याला लागत होते, पण ऑफिसातल्या पुस्तकांच्या कपाटांची उंची धरली तर मोठेच. त्यांनी कागद पाहिले आणि एकच शब्द विचारला, "अनुभव?" ही म्हणाली, तोच घ्यायला आलेय. ते म्हणाले, "बाई, इथे लोक अनुभव घेऊन येतात, घ्यायला येत नाहीत." आणि चष्मा काढून पुसायला लागले. मोठ्या माणसाने चष्मा पुसायला घेतला की भेट संपली, हे मी माझ्या धंद्यात शिकलोय, तिला ते त्या दिवशी कळलं.

दुसरा वकील तरुण होता. तो म्हणाला, "काकू, मी तुम्हाला कपाटातली फाइल काढा असं कसं सांगू? माझी जीभ रेटणार नाही." ही म्हणाली, मी न सांगता काढेन. तो कळवळून म्हणाला, मग तर मला झोपच लागणार नाही. तिसऱ्या ठिकाणी कंपनी होती, तिथे माणूसच नव्हता, नुसता कॉम्प्युटर. त्यात जन्मसाल निवडायचं होतं आणि हिचं साल त्या यादीतच नव्हतं. म्हणजे कंपनीच्या मते बायको अजून जन्माला यायची होती, किंवा येऊन गेली होती.

मग कुणीतरी सांगितलं की नव्या वकिलांसाठी मार्गदर्शन शिबिर आहे. मी तिला स्कूटरवरून सोडलं आणि मागच्या दाराशी उभा राहिलो. आत सगळी पोरंपोरी. वक्ता टाय लावून सांगत होता की तुमचं तारुण्य हेच तुमचं भांडवल. बायको पुढच्या रांगेत वही उघडून बसली होती. एका स्वयंसेविकेने खाली वाकून अगदी गोड आवाजात तिला सांगितलं, "पालकांनी मागे बसायचंय." ती उठून मागे माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला विनोद सुचला होता. मी गिळला. आयुष्यात गिळलेल्या मोजक्या विनोदांपैकी तो एक.

यानंतर आमच्या इमारतीने सल्ले द्यायला घेतले. खालचे रिटायर्ड बँक मॅनेजर म्हणाले, बँकेत चिकटवा, तिथे वकिलाला काहीच करावं लागत नाही. वरचा विमा एजंट म्हणाला, बायोडेटात वयाच्या रकान्यात 'अनुभवी' असं लिहा. ब्यूटी पार्लरवाली म्हणाली, केस काळे करा. तर मॅनेजरीणबाई म्हणाल्या, छे, पांढरेच ठेवा, जज्जाला आईची आठवण येते. सासूबाईंनी फोनवर विचारलं, घरात काय कमी आहे म्हणून हे चाललंय. प्रत्येकाच्या सल्ल्यावर ही मान डोलवायची आणि रविवारी कोट काढून इस्त्री करायची. न घातलेल्या कोटाला इस्त्री. एकदा इस्त्री करता करता म्हणाली, "वर्ष संपेपर्यंत बघते. नाही झालं तर हा कुणाला तरी देऊन टाकीन, आणि परत विषय काढायचा नाही." कपडे वाळत घालते म्हणावं तशा आवाजात म्हणाली. तो आवाज मला आवडला नाही.

आता माझं डोकं कसं चालतं ते सांगतो. माझ्याकडे रोज लोक येतात ज्यांना गाडी येत नाही. गाडी आल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि परवान्याशिवाय गाडी चालवता येत नाही. मग काय करतात? शिकाऊ परवाना काढतात, आणि माझ्या गाडीत बसतात, जिला माझ्या पायाखालीही एक ब्रेक आहे. शिकणाऱ्याला वाटतं आपण चालवतोय. भिंत जवळ आली की मी दाबतो. म्हटलं, तसाच एक दावा पाहिजे. खराखुरा, कोर्टात चालणारा, पण ब्रेक माझ्या पायाखाली. हिने तो चालवायचा. आणि समोरच्या बाजूला कोण? तर मोठे साहेब. त्यांच्या डोळ्यांदेखत हिने काम करायचं. अनुभव पाहिजे ना त्यांना? घ्या.

फक्त एक शत्रू हवा होता. तो समोरच राहत होता.

समोरचा म्हणजे घड्याळवाला. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, बापापासूनचं. आमच्या दोन दारांच्या मधल्या पॅसेजमध्ये त्याचं एक लाकडी बाकडं होतं. रोज संध्याकाळी आम्ही त्याच्यावर बसून चहा प्यायचो आणि जिन्यातून जाणाऱ्या येणाऱ्याची टिंगल करायचो. टिंगलीत तो माझा गुरू. मी आपला उघड बोलतो, तो दोनच शब्द टाकायचा आणि माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याला लागायचं. हल्ली तो थोडा मंद झाला होता, मी कुणी आलं की आधी नाव घ्यायचो आणि मग तो बोलायचा. वय झालं लेका तुझं, असं मी त्याला म्हणायचो. त्याची बायको, आमच्या वहिनी, हल्ली दुकानात त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागल्या होत्या. त्यावरूनही मी दोघांना पुष्कळ छळलं होतं. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून.

त्याला योजना सांगितली तर तो इतका हसला की चहा सांडला. "लाव दावा," म्हणाला. "कशावरून लावतोस?"

म्हटलं, या बाकड्यावरून. पॅसेज दोघांचा, बाकडं तुझं, अतिक्रमण झालं की नाही?

"झालं की. फार माजलोय मी," तो म्हणाला. आणि मोठ्या साहेबांच्या वडिलांचं भिंतीवरचं जुनं घड्याळ यानेच जिवंत ठेवलं होतं, त्यामुळे ते याचं वकीलपत्र घेणार यात शंका नव्हती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी माझ्याकडे नुसती बघत राहिली. म्हणाली, कोर्ट म्हणजे तुमचा पॅसेज वाटला का. दोन दिवस बोलली नाही. मग एका सकाळी मी दाढी करत असताना मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, "बाकड्याची लांबी किती आहे?"

दावा दाखल करायला आम्ही तिघं गेलो. म्हणजे बायको बसने, आणि वादी-प्रतिवादी एका स्कूटरवर. वादी म्हणजे मी, गाऱ्हाणं घेऊन जाणारा, आणि प्रतिवादी मागे बसलेला. पूर्वी तो स्वतःची स्कूटर चालवायचा, आता बरेच दिवस मागेच बसायचा. म्हणायचा, गाडी शिकवणारा फुकट मिळाल्यावर पेट्रोल कशाला जाळू. खिडकीवरच्या कारकुनाने कागद परत केले, समास कमी सोडलाय. दुसऱ्यांदा गेलो, तर प्रतिवादीच्या वडिलांचं नाव नाही. मी मागे वळून विचारलं, काय रे, काकांचं पूर्ण नाव काय? त्याने सांगितलं, मी लिहिलं. कारकून चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाला, हे कोण? म्हटलं, हेच प्रतिवादी. कारकून म्हणाला, मग भांडण काय आहे? घड्याळवाला गंभीर चेहरा करून म्हणाला, "फार जुनं वैर आहे, साहेब." कारकुनाने शिक्का मारला. त्याने आयुष्यात याहून वेडी माणसं पाहिली असणार.

बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं बाकड्यावरच होतो. त्याने मला विचारलं प्रतिवादी कुठे राहतात, मी बोटाने शेजारी दाखवलं. बेलिफ म्हणाला, वादग्रस्त जागेत समन्स देता येईल का ते मला विचारून यावं लागेल. मग घड्याळवाला उठून त्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला, बेलिफने दिलं, याने वहिनींना हाक मारली, त्यांनी सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं, याने केली. आणि परत येऊन बसला. इथपर्यंत सगळं झकास होतं. इथे हा किस्सा संपला असता तर तुम्ही पण हसला असता आणि मी पण.

पण दावा लिहिला होता बायकोने, आणि तो तिने चांगला लिहिला होता. हा तिचा दोष. वाईट लिहिणारा वकील नुसतं लिहितो, बाकडं काढा. हिने लिहिलं की प्रतिवादी हेकट स्वभावाचा असून शेजाऱ्यांच्या सौजन्याचा वर्षानुवर्षं गैरफायदा घेत आला आहे. मी वाचून खूश. समन्सबरोबर ती प्रत समोरच्या घरी गेली आणि वहिनींनी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली. संध्याकाळी तो बाकड्यावर आला, पण चहा घरून पिऊन आला. म्हणाला, "सौजन्याचा गैरफायदा म्हणजे नक्की कधी रे?" मी म्हटलं, अरे, लिहावं लागतं तसं. तो म्हणाला, हो, हो, लिहावं लागतं.

मग त्याच्या बाजूने उत्तर आलं. त्याला कैफियत म्हणतात. मोठ्या साहेबांची लिहायची एक पद्धत आहे: दाव्यात जे जे लिहिलंय ते एकेक घ्यायचं आणि समोर 'नाकबूल' लिहायचं. वादी त्या पत्त्यावर राहतो, नाकबूल. पॅसेज सामायिक आहे, नाकबूल. बाकडं लाकडाचं आहे, याबद्दल माहिती नाही, सबब नाकबूल. बायकोने दाव्यात प्रस्तावना म्हणून लिहिलं होतं की वादी व प्रतिवादी यांचे दीर्घकाळ मैत्रीचे संबंध होते. त्याच्यापुढे साहेबांनी लिहिलं होतं: वादी व प्रतिवादी यांच्यात मैत्री होती हे साफ खोटं असून ते नाकबूल आहे. खाली घड्याळवाल्याची सही.

मला माहीत होतं, हा छापा आहे. पाऊस पडला तरी साहेब नाकबूल लिहितील. तरी मी तो कागद घेऊन समोर गेलो. विचारलं, हे वाचलंस का? तो म्हणाला, नाही, साहेबांनी जिथे सांगितलं तिथे सही केली. म्हटलं, न वाचता? तो म्हणाला, "तू तुझा दावा वाचून सही केलीस ना? मग." आणि दार लोटलं. आपटलं नाही, लोटलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, आपटलेल्या दारावर विनोद करता येतो.

पुढच्या तारखेला जज्जसाहेबांनी हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत बाकडं 'जैसे थे'. म्हणजे हलवायचं नाही, वापरायचं नाही, कुणी बसायचं नाही. मॅनेजरसाहेबांनी हुकुमाची नक्कल बाकड्याच्या वरच चिकटवली, कुणी बसू नये म्हणून. संध्याकाळी मी माझ्या दारात कप घेऊन उभा, तो त्याच्या दारात कप घेऊन उभा, मध्ये बाकडं. मग तो दारात यायचा बंद झाला. इमारतीत दोन तट पडले. विमा एजंट मला जिन्यात गाठून म्हणाला, सोडू नका हं, आज बाकडं आहे, उद्या कपाट येईल. पार्लरवाली वहिनींच्या बाजूने गेली आणि बायकोच्या भुवया करायची बंद झाली. माझ्या गाडीत शिकायला येणारी माणसं वळणावर मला विचारायची, बाकड्याचं काय झालं हो, आणि मी ब्रेक दाबायचो.

तेव्हा मला वाटलं, आता दुसरा ब्रेकही दाबायची वेळ झाली. घरी येऊन म्हटलं, पुरे झालं, दावा मागे घेऊ. तुझा अनुभव झाला, तारखा झाल्या, अर्ज झाले.

बायको जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. तिने मान वर केली नाही. "पुढच्या तारखेला उलटतपासणी आहे," म्हणाली.

म्हटलं, म्हणूनच म्हणतोय.

"अर्ज कुणीही करतं. तारीख कुणीही मागतं. साक्षीदाराला प्रश्न विचारता येतो का, हे बघतात. मोठे साहेब समोर असतील. मला परत कधी उलटतपासणी मिळणार?" मग मान वर केली. "वादी तुम्ही आहात. मागे घ्यायचं तर घ्या. मी कोट देऊन टाकते."

आता तुम्ही सांगा, मी काय करायचं. माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात. इथे गाडी तिची होती. मी दावा मागे घेतला नाही. मनात म्हटलं, घड्याळवालाच तो, ही चार उलटे प्रश्न विचारेल, हा दोन उलटी उत्तरं देईल, कोर्ट हसेल, आणि बाहेर आल्यावर मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घालीन आणि सगळं मिटेल. मला खरंच असं वाटत होतं.

तारखेला कोर्टात गर्दी होती. आमची अख्खी इमारत, बाजारातले दुकानदार, घड्याळवाल्याची नेहमीची गिऱ्हाइकं, सगळे मागच्या बाकांवर. बाकड्याच्या खटल्याला इतकी माणसं बघून जज्जसाहेबांनी शिरस्तेदाराला काहीतरी विचारलंसुद्धा. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. बायकोने कोट घातला होता. त्या कोटात ती पहिल्यांदा खरी उंच दिसली मला.

साक्षीदाराला आधी त्याचं म्हणणं लिहून द्यावं लागतं. ते साहेबांनी लिहून दिलं होतं, आणि त्यात एक वाक्य त्यांच्या पदरचं होतं: एका सकाळी प्रतिवादीने आपल्या दारातून स्वतः पाहिलं की वादी खडूने पॅसेजमध्ये रेघ मारून बाकड्याखालची जागा बळकावायची तयारी करतोय. साफ खोटं. माझ्या घरात खडू नाही. पण घड्याळवाल्याने सही केली होती.

बायको उठली. घरी ती त्याला भाऊजी म्हणते. तिथे म्हणाली नाही.

"आपला व्यवसाय घड्याळदुरुस्तीचा?"

"हो."

"पुष्कळ वर्षांचा?"

"बापापासूनचा."

"आपण लिहून दिलंय की आपण आपल्या दारातून वादीला खडूने रेघ मारताना पाहिलं."

त्याने क्षणभर साहेबांच्या दिशेने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "हो."

"स्वतःच्या डोळ्यांनी?"

"हो."

"आपलं दार आणि ती जागा यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याच्याहून थोडं कमी अंतरावर समोर भिंतीला घड्याळ आहे." तिने आवाज चढवला नाही. "किती वाजलेत, तेवढं सांगा."

मला हसू आलं. म्हटलं, घड्याळवाल्याला वेळ विचारतेय, आता हा काय फटका मारतो बघा. तो भिंतीकडे बघत होता. बघत राहिला. पंखा फिरत होता. त्याने मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे, एखादं रेडिओ स्टेशन पकडावं तसं. ओठ हलले. काही आलं नाही. मोठे साहेब फाइल बंद करून त्याच्याकडे बघायला लागले. मी अजून वाट बघत होतो त्या दोन शब्दांची.

आणि पहिल्या रांगेतून वहिनींचा आवाज आला. हळू, रोजचा, दुकानात शेजारी बसून गिऱ्हाइकाचं घड्याळ हातात घेऊन सांगतात तसा.

"सव्वा बारा."

त्यांना स्वतःलाच कळलं नाही आपण बोललो ते. मग कळलं, आणि त्यांनी पदर तोंडावर धरला. जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. मागच्या बाकांवर कुणी हललं नाही. बाजारातला चष्मेवाला होता, स्टोव्हवाला होता, दोन शाळामास्तर होते ज्यांची घड्याळं त्याच वेळी दुकानात पडलेली होती. सगळ्यांना एकदम कळलं. आणि मलाही. स्कूटरच्या मागे बसणं, मी नाव घेतल्यावरच बोलणं, वहिनींची खुर्ची, सहीच्या जागी ठेवलेलं बोट. मी त्या प्रत्येक गोष्टीवर विनोद केला होता, आणि तो प्रत्येक वेळी हसला होता.

घड्याळवाला म्हणाला, "सव्वा बारा."

"आणखी प्रश्न नाहीत," बायको म्हणाली आणि बसली.

मोठ्या साहेबांनी तिथेच उभं राहून तडजोडीला वेळ मागितला. व्हरांड्यात सगळं चहा गार व्हायच्या आत मिटलं. बाकडं काढायचं, दावा निकाली, कुणी कुणाला काही देणं नाही. वहिनींनी त्याचं बोट कागदावर ठेवलं, त्याने सही केली. मी त्याच्या पाठीत गुद्दा घालायला गेलो होतो, तो हात मी माझ्या खिशात घातला. तेवढ्यात साहेब बायकोपाशी आले.

"तो प्रश्न कुणी सुचवला, बाई?"

"कुणी नाही."

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, भेट संपली. पण त्यांनी तो पुसला नाही, नुसता हातात धरला. "सोमवारी या," म्हणाले.

म्हणजे योजना शंभर टक्के यशस्वी झाली. मी आखली होती तशी, अगदी तंतोतंत. असं माझ्या आयुष्यात दुसरं काही झालेलं नाही.

घरी आलो. तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि पाणी प्यायली. मी विचारलं, तुला माहीत होतं?

"वहिनींनी केव्हाच सांगितलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरने हात टेकले तेव्हा माझ्याजवळ रडल्या होत्या. म्हणाल्या, कुणाला सांगू नका, तुमच्या घरीसुद्धा. त्यांच्याकडून बाहेर जाईल." त्यांच्याकडून म्हणजे माझ्याकडून.

"आणि तरी विचारलंस?"

"त्यांनी पाहिलं म्हणून लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. खोडायचा तोच एक रस्ता होता." तिने पेला विसळून पालथा ठेवला. बराच वेळ त्याच्यावरून हात काढला नाही. "तुम्ही मला अनुभव मिळवून देणार होतात ना. मिळाला."

त्यानंतर घड्याळवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकं आली ती घड्याळं परत न्यायला. फार सभ्यपणे आली. सहज आलो होतो, झालं नसेल तर राहू द्या, घाई आहे जरा. कुणी वाईट बोललं नाही. मी माझ्या शिकाऊंकडून बंद पडलेली, चालू असलेली, मिळतील ती घड्याळं गोळा केली आणि पिशवी घेऊन दुकानात गेलो. तो आत होता, पाठमोरा. वहिनींनी पिशवीत डोकावून पाहिलं, एक घड्याळ कानाला लावलं आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. "ही चालू आहेत," म्हणाल्या. बाजारात मी एक थापही सोडून पाहिली, की ते कोर्टातलं सगळं नाटक होतं, साहेबांचा डाव होता. माझ्या थापा आजवर गावभर फिरून मलाच परत ऐकू आल्यात. ही थाप चष्मेवाल्याच्या दुकानापाशीच मेली.

बायको सोमवारी कामाला लागली, आणि महिनाभरात साहेबांच्या ऑफिसात तिचं टेबल झालं. तरुण वकील तिला मॅडम म्हणायला लागले. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, मी पहिल्यापासून म्हणत होतो. रात्री ती दमून यायची आणि मला कामाचं काही सांगायची नाही. अशिलाचं गुपित, म्हणायची. बरोबरच आहे.

मग एका रविवारी सकाळी घंटी वाजली. मी दार उघडलं. दारात घड्याळवाला, वहिनींनी त्याचा कोपर धरलेला. माझ्या तोंडात लगेच काहीतरी आलं, अरे वा, आज इकडे कुठे वाट चुकली, असलं. अर्ध्यावर मला कळलं की आंधळ्या होत चाललेल्या माणसाला हे विचारू नये, आणि उरलेलं मी गिळलं. तो माझ्या दिशेला तोंड करून उभा होता. मी आहे हे त्याला कळलं होतं. इतक्या वर्षांनी माणसाच्या श्वासावरूनही कळतं.

"वकीलबाई आहेत का?" त्याने विचारलं. मला नाही, माझ्या खांद्यावरून, आत.

बायको ओले हात पुसत बाहेर आली. तो म्हणाला, दुकानाच्या मालकाने नोटीस पाठवलीय, दुकान चालत नाही तर गाळा सोडा म्हणतो. साहेबांनी सांगितलं, हे काम बाईंकडे द्या. ऑफिसच्या जिन्याला कठडा नाही, म्हणून इथे आलो.

बायकोने हात पुसलेला टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "माझ्याकडे देताय? नीट विचार केलाय ना?"

"केला," तो म्हणाला. "माझं खोटं इतक्या लोकांत तुम्हालाच दिसलं. मालकाचं पण दिसेल."

ती बाजूला झाली, त्याला आत घेतलं, खुर्चीची पाठ त्याच्या हाताला लावून दिली. वहिनी समोरच्या घरी परत गेल्या, गॅसवर काहीतरी होतं. मीही एक खुर्ची ओढली. बायको माझ्याकडे वळली. रागाने नाही. ऑफिसात कुणाशीही बोलत असेल तशी.

"अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा. अशील आहेत."

मी माझ्याच घराच्या बाहेर आलो. दार माझ्यामागे बंद झालं, कडी लागल्याचा आवाज आला. वरून विमा एजंट उतरला, मला पाहून थांबला, काहीतरी सल्ला देणार होता, पण माझा चेहरा बघून तसाच खाली गेला. आत घड्याळवाला बोलत होता. बराच वेळ बोलला. शब्द कळत नव्हते. मग मध्येच त्याने ते दोन शब्द टाकले असणार, कारण बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली. काय म्हणाला ते मला कळलं नाही, आणि मला ते कळायलाच पाहिजे होतं. मी घंटी वाजवली.

आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे?"

एरवी मी पोलीस म्हणतो, नाहीतर बायकोच्या शोधात आलेला नवरा म्हणतो. त्या दिवशी म्हटलं, "वादी."

आत खुर्ची करकरली. मग घड्याळवाल्याचा आवाज आला, अगदी शांत.

"चालू द्या, वकीलबाई."

आणि त्यांचं पुन्हा सुरू झालं.